‘पेशंटचे तुम्ही कोण?’ : समलिंगी जोडप्यांच्या लग्नाचा कायदा आणि आपले अनुभव

दोन वर्षांपूर्वी रात्री अडीच वाजता मी एका हॉस्पिटलच्या काउंटरवर उभा होतो. आत स्ट्रेचरवर माझा जोडीदार, अपेंडिक्स फुटलेलं. माझ्या हातात त्याचं पाकीट, त्याचं आधार कार्ड आणि त्याच्या चपला. चपला का उचलून आणल्या होत्या ते मला आजही सांगता येत नाही.

नाव, वय, पत्ता भराभर लिहिलं. पत्ता आमचा एकच, चौदा वर्षांपासून. पुढचा रकाना ‘सोबतच्या नातेवाइकाचे नाव’ आणि त्याला लागून ‘नाते’. तिथं पेन थांबलं. मी ‘मित्र’ लिहिलं. काउंटरवरच्या ताईंनी कागद स्वतःकडे फिरवून वाचला आणि म्हणाल्या, “मित्र नाही चालत हो दादा, ऑपरेशनची संमती आहे. घरचं कोणी नाही का? सख्खं?” त्यांचा स्वर वाईट नव्हता, त्या त्यांचं काम करत होत्या. त्याचे आईवडील रेल्वेनं एका रात्रीच्या अंतरावर. मी कागद परत घेतला, ‘मित्र’ खोडलं, वर ‘मामेभाऊ’ लिहिलं आणि सही केली. माझ्या माणसाचं ऑपरेशन मी खोटं बोलून करून घेतलं.

समलिंगी विवाहाचा विषय निघाला की चर्चा लगेच संस्कृती, निसर्ग, परदेशी खूळ यावर जाते. माझ्या डोळ्यांपुढे तो रकाना येतो. लग्नाच्या कायद्यानं दोन माणसांमध्ये प्रेम येत नाही, ते आधीच आलेलं असतं. कायद्यानं एवढंच होतं, की त्या रकान्यात लिहायला एक शब्द मिळतो आणि तो शब्द पुढच्या माणसाला मान्य करावा लागतो.

ज्यांनी बातम्या नीट पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंडविधानाच्या 377 कलमातून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. लग्नाच्या याचिकांची सुनावणी 18 एप्रिल 2023 पासून दहा दिवस पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे चालली आणि निकाल 17 ऑक्टोबर 2023 ला लागला. लग्न करण्याचा अधिकार घटनेनं मूलभूत म्हणून दिलेला नाही आणि 1954 चा विशेष विवाह कायदा बदलणं हे संसदेचं काम आहे, यावर पाचही जणांचं एकमत. लग्न नाही तर निदान नात्याला काही कायदेशीर मान्यता, आणि जोडप्याला मिळून मूल दत्तक घेणं, या दोन गोष्टींवर मात्र तीन विरुद्ध दोन. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल बाजूनं, बाकीचे तिघे विरोधात. फेरविचाराच्या याचिकाही 9 जानेवारी 2025 ला फेटाळल्या गेल्या.

म्हणून हा धागा. तुमचा रकाना कुठला होता ते लिहा. तुम्ही कायद्याच्या बाजूचे असा, विरोधातले असा, किंवा कुणाचे आई, भाऊ, शेजारी असा. फक्त कुणाची ओळख उघड होईल असं काही लिहू नका, विशेषतः ज्यांनी घरी अजून सांगितलेलं नाही त्यांची.

—

एक आई

माझ्या मुलीनं मला सांगितलं तेव्हा 377 चा निकाल लागून दोन महिने झाले होते. ती त्या निकालासाठी थांबली होती. म्हणाली, “आई, आता मी गुन्हेगार नाही, म्हणून सांगतेय.” मला त्या क्षणी बाकीचं काही कळलंच नाही, एवढंच वाक्य कळलं. माझं पोर इतकी वर्षं माझ्या घरात स्वतःला गुन्हेगार समजून जेवत होतं.

पहिलं वर्ष मी फार वाईट वागले. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर चांगले निघाले, त्यांनी मुलीला बाहेर बसवलं आणि माझ्याशीच तासभर बोलले. हा आजार नाही असं भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचंच म्हणणं आहे, औषध कशाचं देऊ, असं त्यांनी विचारलं. मी रडत घरी आले. यजमानांनी सहा महिने विषयच काढला नाही.

तिची मैत्रीण पहिल्यांदा घरी आली तेव्हा मला “काकू” म्हणाली. अजूनही काकूच म्हणते. मला आता ते खटकतं, पण “आई म्हण” असं मी कुठल्या नात्यानं सांगू? जावयाला सांगता येतं, सुनेला सांगता येतं.

2023 च्या एप्रिलमध्ये ‘स्वीकार’ नावाच्या पालकांच्या गटानं सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. चारशेच्या वर आईवडिलांचं म्हणणं होतं त्यात, की आमच्या मुलांची लग्नं आम्हाला डोळ्यांनी बघायची आहेत. मला ते पत्र आधी माहीत होतं. मी सामील झाले नाही. भावकीत कळेल म्हणून घाबरले. हे मी पहिल्यांदा लिहितेय.

निकालाच्या दिवशी यजमानांनी स्वतःहून मोबाइल टेबलावर उभा केला, मागे डबा लावून. सुरुवातीला सरन्यायाधीश वाचत होते तेव्हा आम्हाला दोघांनाही वाटलं, होतंय. यजमान खुर्चीत पुढे सरकून बसले होते. मग हळूहळू कळत गेलं. दुपारी मुलीचा फोन आला, “आई, नाही झालं.” मी म्हटलं, “अगं, होईल.” माझ्या हातातून यजमानांनी फोन घेतला आणि ज्या माणसानं पाच वर्षं हा विषय तोंडातून काढला नव्हता तो म्हणाला, “तू जेवलीस का? ती जेवली का?”

—

(धागाकर्ता: काकू, तुमचं लिहिणं आम्ही दोघांनी मोठ्यानं वाचलं. त्याच्या घरून अजून असा फोन आलेला नाही.)

—

घटस्फोटित, वय 44

इथं बाकीचे लिहितील ते वेगळं असेल. मी समलिंगी नाही. माझा नवरा होता.

ठरवून केलेलं लग्न, पत्रिका जुळलेली, मुलगा सुस्वभावी, निर्व्यसनी. खरोखरच होता. माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. पहिल्या महिन्यातच लक्षात आलं की काहीतरी चुकतंय, पण काय ते कळायला मला नऊ वर्षं लागली. तो रोज पहाटे माझ्या आधी उठायचा आणि स्वतःचं पांघरूण घडी घालून कपाटात ठेवायचा, हॉटेलात उतरलेला माणूस ठेवतो तसं. मी ती घडी बघायचे आणि मला वाटायचं, माझ्यातच कमी आहे. वजन उतरवलं. केस सरळ केले. सासूबाई डॉक्टरकडे घेऊन गेल्या, तपासण्या माझ्या झाल्या, त्याच्या नाहीत. “पाळणा कधी” या प्रश्नाला हसून उत्तर द्यायची तर मला सवयच लागली होती.

त्यानं सांगितलं तेव्हा तो जमिनीवर बसला होता आणि मी पलंगावर. त्याला लग्नाआधीपासून माहीत होतं. त्यानं त्याच्या आईला सांगितलंही होतं. आई म्हणाली होती, लग्न झालं की सगळं ठीक होतं.

माझा राग आजही गेलेला नाही, आणि तो जावा असा माझा आग्रहही नाही. आमचा परस्परसंमतीनं घटस्फोट झाला. पण टीव्हीवर कुणी म्हणालं, की समलिंगी लग्नाला मान्यता दिली तर कुटुंबव्यवस्था मोडेल, तर मला त्या माणसाला समोर बसवून विचारावंसं वाटतं, माझं कुटुंब कशानं मोडलं? त्याला ज्याच्याशी लग्न करायचं होतं त्याच्याशी करता आलं असतं, उघडपणे, चार माणसांत, तर त्याच्या आईला माझ्या आईच्या दारात यावं लागलं नसतं. माझी पंचविशी ते पस्तिशी माझ्याकडे राहिली असती. हा कायदा त्यांच्यासाठी आहे असं सगळे म्हणतात. तो माझ्यासारख्या मुलींसाठीही आहे, हे कुणीच म्हणत नाही, म्हणून लिहिलं.

—

बँकेत नोकरी

थोडं कामाचं लिहितो, कारण लोक या बाबतीत फार गाफील असतात.

28 ऑगस्ट 2024 ला अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना जॉइंट खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठी अशा जोडप्याला एकाच घरातले धरावं, असंही केंद्रानं राज्यांना कळवलं. आमच्या शाखेत एक जोडपं आलं तेव्हा माझ्या शेजारच्यालाच हे माहीत नव्हतं, मी मोबाइलवर पत्रक काढून दाखवलं. खातं उघडलं. तरी फॉर्मवर नात्याच्या जागी त्यांनी काय लिहायचं यावर दहा मिनिटं गेली, शेवटी ‘अदर’ टाकलं.

आता महत्त्वाचं. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. नॉमिनीच्या हातात बँक पैसे देते, पण ते पैसे कुणाचे हे वारसाहक्काचा कायदा ठरवतो, आणि त्या कायद्यात तुमचा जोडीदार कुठेच नाही. सख्खे भाऊ, पुतणे, भाचे सगळे आहेत. म्हणून मृत्युपत्र करा. साध्या कागदावरही चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण तुमच्या बाबतीत करूनच ठेवा, कारण घरचे आव्हान देण्याची शक्यता जास्त. साक्षीदार वयानं लहान निवडा, तुमच्या मागे कोर्टात उभे राहतील असे.

जोडीदाराला मोठी रक्कम किंवा घर भेट देताना प्राप्तिकराचाही विचार करा. नवराबायकोनं एकमेकांना दिलेलं करमुक्त असतं. तुमच्यासाठी वर्षाला 50,000 रुपयांच्या वर गेलं की घेणाऱ्याचं उत्पन्न धरतात. यावरही 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एक समलिंगी जोडपं गेलेलं आहे.

हे सगळं करायला पैसे, वकील आणि शिक्षण लागतं. ज्यांच्याकडे ते नाही त्यांनी काय करायचं? सरकारनं कोर्टात ही शहरी उच्चभ्रूंची मागणी असल्याचं म्हटलं होतं. मला उलट वाटतं. उच्चभ्रू माणूस पाच कागद करून स्वतःची सोय लावेल. लग्नाचा एक दाखला हा गरिबाचा कागद आहे.

—

निवृत्त शिक्षक, वय 68

मी विरोधातला आहे. धागा सर्वांसाठी आहे असं म्हटलंत म्हणून लिहितो.

माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा असा आहे. त्याला मी अंगाखांद्यावर खेळवलेलं आहे. त्याला पोलिसांनी पकडावं किंवा कुणी मारावं असं मला कधीच वाटलं नाही. 377 गेलं ते योग्यच झालं. पण विवाह हा मला दोन व्यक्तींचा करार वाटत नाही. स्त्री, पुरुष आणि त्यांची संतती यांच्याभोवती ती व्यवस्था शतकानुशतकं उभी राहिली. तिची व्याख्या बदलायची तर ती समाजानं बदलावी, लोकांनी निवडून दिलेल्या संसदेनं बदलावी. पाच न्यायाधीशांनी एका दिवसात बदलू नये. निकाल लागला तेव्हा मला हायसं वाटलं.

वरचा हॉस्पिटलचा अनुभव वाचून मात्र मी रात्री बराच वेळ जागा होतो. माझ्या पुतण्यावर अशी वेळ आली तर काउंटरवर त्याच्या मित्रालाच सही करता यावी, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी दुसरा काही कायदा करावा. त्याला लग्न म्हणू नये. माझं मत एवढंच आहे आणि ते द्वेषातून आलेलं नाही.

—

(धागाकर्ता: सर, तुम्ही लिहिलंत याबद्दल आभार, मनापासून. संसदेबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं, तिथंच व्हायला हवं. एप्रिल 2022 मध्ये सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. त्याचं पुढे काही झालं नाही. आणि ‘दुसरा काही कायदा’ तर त्या दोन न्यायमूर्तींनीही सुचवला होता. तोही तीन विरुद्ध दोननं पडला. तुमच्यासारखे अनेक जण म्हणतात, लग्न नको पण बाकीचे हक्क द्या. मग ते हक्क मागायला तुम्ही आमच्या शेजारी उभे राहाल का? हे मी वादासाठी विचारत नाही. तुमच्या पुतण्यासाठी विचारतोय.)

—

तालुक्याच्या गावातून पळून आलेली

आम्ही दोघी नर्सिंगच्या कोर्सला एकत्र होतो. तिच्या घरी कळलं त्या दिवशी तिचा मोबाइल काढून घेतला आणि पंधरा दिवसांत स्थळ आणलं. आम्ही निघून आलो. तिच्या वडिलांनी हरवल्याची तक्रार दिली, त्यात मी तिला फूस लावून नेलं असं लिहिलं.

पोलीस ठाण्यात आम्हाला बाकावर दोन टोकांना बसवलं. मधे तिची आई आणि मामा. आई एकच सांगत होती, “तू फक्त घरी चल, आम्ही काही करणार नाही.” ती माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघून म्हणत होती, “मी सज्ञान आहे. मी चोवीस वर्षांची आहे.” हे वाक्य आम्ही रात्रभर पाठ केलं होतं, एका ताईंनी फोनवर शिकवलं होतं, दुसरं काही बोलू नको, एवढंच बोलत राहा. तिनं ते किती वेळा म्हटलं असेल! शेवटी एका महिला पोलिसानं तिच्या आईला बाहेर नेलं. त्या बाईंनी आम्हाला काही धीर वगैरे दिला नाही, पण जबाब नीट लिहून घेतला आणि आम्हाला एकत्र जाऊ दिलं.

म्हणून खरं सांगते, लग्नाची चर्चा चालते तेव्हा मला वाटतं, आधी आम्हाला जिवंत राहू द्या. विशेष विवाह कायदा आम्हाला उद्या लागू झाला तरी त्यात तीस दिवसांची नोटीस आहे, नाव-पत्ता कार्यालयाच्या फळ्यावर लागतो, कुणीही येऊन हरकत घेऊ शकतो. आमच्यासारख्यांसाठी ते तीस दिवस म्हणजे घरच्यांना पत्ता देणं. आंतरजातीय लग्न करणारेही याच नोटिशीनं मार खातात. कायदा मागायचा तर ती नोटीस काढून मागा.

मद्रास उच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये एका मुलीला घरच्यांच्या ताब्यातून सोडवून तिच्या जोडीदारणीकडे जाऊ दिलं आणि कुटुंब करायला लग्न हाच एक मार्ग नाही असं लिहिलं. ती बातमी मी तिला रात्रपाळीवर असताना पाठवली. तिचं उत्तर आलं, “आपलं आहेच की.”

—

दत्तक मुलीची एक आई

कायद्यानं एक आई. घरात दोन.

कायदा एकट्या बाईला मूल दत्तक देतो, एकत्र राहणाऱ्या दोन बायकांना देत नाही. त्यामुळे अर्ज माझ्या एकटीच्या नावावर केला. घर बघायला समाजसेविका येणार होत्या त्याच्या आदल्या रात्री आम्ही भिंतीवरचे फोटो उतरवले. तिचे कपडे दुसऱ्या खोलीतल्या कपाटात नेले, तिथं एक एकेरी गादी टाकली. समाजसेविका आल्यावर मी तिची ओळख “माझी रूममेट” अशी करून दिली. तिनं पाणी आणून दिलं आणि आत जाऊन बसली. पुढची दोन वर्षं ती प्रत्येक भेटीला अशीच पाहुण्यासारखी आत बसली, ज्या बाळासाठी तिनं माझ्याआधी झबली शिवायला घेतली होती त्या बाळासाठी.

मुलगी आता पहिलीत आहे. मला ‘आई’ म्हणते, तिला ‘माई’. शाळेत न्यायला-आणायला माई जाते, तापात रात्र माई काढते. कागदावर माई कुणीच नाही. मी उद्या गेले तर मुलगी माझ्या भावाकडे जाईल, ज्यानं तिला एकदाच बघितलंय. मृत्युपत्रात मी माईला पालक नेमलंय. भाऊ कोर्टात गेला तर काय होईल ते वकीलही ठामपणे सांगत नाहीत.

मुलांचं हित, मुलांचं हित म्हणून आमच्या विरोधात बोलतात. माझ्या मुलीचं हित हे आहे की तिची दुसरी आई तिच्यापासून कुणाला काढून घेता येऊ नये.

—

नेदरलँड्समधून

आमचं लग्न इथं झालंय. इथं हा कायदा 1 एप्रिल 2001 पासून आहे, जगात सगळ्यात आधी. इतका जुना झालाय की ऑफिसात कुणाला त्यात बोलण्यासारखं काही वाटत नाही. बाबा आजारी म्हणून मला भारतात परत यायचंय. नवरा डच आहे. त्याला माझा नवरा म्हणून व्हिसा मिळत नाही, दर वेळी तो पर्यटक म्हणून येतो. तैवानमध्ये 2019 ला झालं, थायलंडमध्ये जानेवारी 2025 ला, नेपाळमध्येही 2023 ला पहिली नोंदणी झाली. तेव्हा हे पश्चिमेचं आहे असं तरी कुणी म्हणू नये. बाबांचे किती दिवस आहेत माहीत नाही आणि मी दोन घरांमधून एक निवडतोय.

—

तृतीयपंथी नाही, स्त्री म्हणा

माझं लग्न झालं. नोंदणी झाली, दाखला आहे, फ्रेम करून लावलाय.

मी ट्रान्स स्त्री, नवरा पुरुष. मद्रास उच्च न्यायालयानं 2019 मध्येच म्हटलं होतं की हिंदू विवाह कायद्यातली ‘वधू’ ट्रान्स स्त्रीही असू शकते. 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की ट्रान्स व्यक्तीचं नातं स्त्री-पुरुष असं असेल तर आहे त्या कायद्यात लग्न करता येतं. तरी नोंदणी कार्यालयात आम्हाला चार खेटे घालावे लागले. जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, सगळ्यावर ‘स्त्री’ असूनही तिथले साहेब म्हणाले, “वर विचारतो.” नवऱ्यानं निकालाची प्रत छापून नेली, त्या परिच्छेदाला पिवळी रेघ मारून. चौथ्या खेपेला काम झालं.

पण आनंदात एक काटा आहे. माझी जिवलग मैत्रीणही ट्रान्स स्त्री आहे आणि तिचं प्रेम एका बाईवर आहे. तिला हा दाखला नाही. म्हणजे कायद्याला मी चालते, कारण माझा जोडीदार पुरुष आहे. साक्षीदार म्हणून आमच्या दाखल्यावर तिचीच सही आहे.

—

वय 23

मला लग्नच नको आहे, कुणाशीच. लग्नसंस्थेत बायकांचं काय होतं ते मी आईच्या रूपानं घरात पाहिलंय. आपण मागायचं ते हे, की माणसाला आपल्या मर्जीनं कुणालाही ‘आपलं’ म्हणून कायद्यासमोर नेमता यावं, मग तो जोडीदार असो, मैत्रीण असो. मानसिक आरोग्याच्या 2017 च्या कायद्यात अशी सोय आहे, साध्या कागदावर आपला प्रतिनिधी नेमता येतो, तो नातेवाईक असावा लागत नाही. बाकी सगळीकडे का नाही? वरच्या दोन ताईंचं वाचून मात्र वाटलं, नको म्हणायलाही आधी ते हातात असायला लागतं.

—

वय 71

मला टाइप करायला वेळ लागतो. भाचीची मुलगी लिहून घेते आहे, तिला माहीत आहे सगळं.

आम्ही चोवीस वर्षं एका घरात राहिलो. लोक आम्हाला ‘ते दोघे’ म्हणायचे. शेजारी चांगले होते, कुणी कधी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. त्या काळी ‘समलिंगी’ हा शब्दही आमच्या तोंडी नव्हता. मुंबईत ‘हमसफर’सारख्या संस्था सुरू झाल्याचं कानावर यायचं, पण आम्ही कधी गेलो नाही. आपल्याला काय त्याचं, आपलं बरं चाललंय, असं तो म्हणायचा.

घर त्याच्या नावावर होतं. मृत्युपत्राचं मी दोनदा बोललो. दोन्ही वेळा म्हणाला, “अशुभ कशाला बोलतोस.” मग एका सकाळी दाढी करता करता गेला. तोंडाला साबण तसाच होता. मी तो पुसला, मग डॉक्टरांना फोन केला.

अग्नी पुतण्यानं दिला. मी मागे उभा होतो, सोसायटीतल्या लोकांबरोबर. वर्तमानपत्रात निधनाची बातमी आली, त्यात भाऊ, भावजय, पुतणे, पुतण्या असा परिवार होता. चौदाव्या दिवशी पुतणे आले. ती मुलं वाईट नव्हती हो. मला नमस्कार केला. म्हणाले, “काका, तुम्हाला घाई नाही, महिनाभर राहा. पण घराचं करायला हवं.” कायद्यानं घर त्यांच्या वडिलांचं होतं, मी भांडलो नाही. भांडायला मी कोण म्हणून उभा राहणार होतो?

थोरल्यानं कपाट उघडलं. हँगरला शर्ट लावलेले होते, वीसेक असतील. आमची मापं सारखी होती. कुणी कुठला घ्यायचा असं कधी नव्हतंच, जो इस्त्रीचा वर असेल तो अंगात घालायचा. त्यानं हँगर एका बाजूला सरकवले आणि मला विचारलं, “काका, यातले तुमचे कुठले?”

मी बराच वेळ बघत राहिलो. मग पुढचे तीन काढून घेतले.